मुलांसाठी फळे-भाज्यांची स्मूदी : सांगलीच्या मंडईतून पेल्यापर्यंत

फळे आणि भाज्या गरासकट वाटून, त्यांत थोडे दही, दूध किंवा पाणी घालून केलेले दाटसर पेय म्हणजे स्मूदी. फळाचा रस काढताना चोथा टाकून दिला जातो आणि मिल्कशेकमध्ये दूध-साखरेचाच भरणा अधिक असतो. स्मूदीत मात्र गर आणि चोथा दोन्ही पोटात जातात आणि प्रमाण नीट राखले तर एरवी ताटाच्या कडेला सारली जाणारी भाजीही जाते. ती करायची ती एवढ्यासाठीच. ज्या घरातले मूल फळे चावून खाते आणि भाजीही जेवते, त्या घरात स्मूदीची गरज नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

नव्याने सुरुवात करणाऱ्या पालकांना कृतीपेक्षा जिन्नसच आधी अडवतात. मोबाइलवर पाहिलेल्या पाककृतीत ब्लूबेरी, केल, अ‍ॅव्होकॅडो आणि बदामाचे दूध असते; तासगाव किंवा विट्याच्या आठवडा बाजारात यांतले बहुतेक मिळत नाही आणि सांगलीच्या एखाद्या मोठ्या दुकानात मिळालेच, तर त्याची किंमत पाहून उत्साह मावळतो. त्याच वेळी तासगाव-पलूसची द्राक्षे, आटपाडी-जतची डाळिंबे आणि वाई-महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी आपल्या दारातून पुण्या-मुंबईला जात असते. म्हणून पाककृती हातात घेऊन बाजारात जाऊ नये. आधी बाजारात काय ताजे आहे ते पाहावे आणि मग पेल्यात काय घालायचे ते ठरवावे. खाली दिलेली रीत याच क्रमाने लिहिली आहे.

वय आणि माप

सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच द्यायचे नसते, तेव्हा तिथे हा विषयच येत नाही. सहा महिने ते एक वर्ष या काळात फळे-भाज्या द्यायच्या त्या शिजवून किंवा कुस्करून, चमच्याने आणि घट्ट स्वरूपात द्याव्यात. पेल्यातील पातळ पेयाने इवलेसे पोट भरून जाते आणि वरणभात, खिमट, नाचणीची पेज यांना जागा उरत नाही. एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये, चाटवण्यापुरताही नाही, कारण मधात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे या वयात बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. दोन वर्षांपर्यंत कुस्करलेले फळच उत्तम असते. पेल्यातली स्मूदी त्यानंतर सुरू करावी.

माप किती असावे, याबाबत रसासाठी घालून दिलेली मर्यादाच स्मूदीसाठी पाळणे शहाणपणाचे आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखालील मुलांना फळांचा रस देऊ नये, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला १२५ मिलिलिटरपर्यंत आणि त्याहून मोठ्या मुलांना २५० मिलिलिटरपर्यंतच द्यावा, आणि शक्यतो रसाऐवजी अख्खे फळच द्यावे, असे सांगितले आहे. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा तर रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरच्या पुढे जाऊ नका, असे सांगते. त्यामागचे कारण असे, की मिक्सरच्या पात्याने फळाच्या पेशी फुटतात, आतली साखर मोकळी होते आणि ती चावून खाल्लेल्या फळातील साखरेपेक्षा लवकर दातांना जाऊन भिडते. आपल्या घरातील आमटीची मध्यम वाटी साधारण दीडशे मिलिलिटरची असते. शाळकरी मुलासाठी ती एक वाटी पुरेशी आहे आणि बालवाडीतल्या मुलासाठी पाऊण वाटी. उंच काचेच्या ग्लासात काठोकाठ भरलेली स्मूदी चित्रात शोभते. मुलाच्या हाती साधे फुलपात्र द्यावे.

बाजारातून काय आणावे

डिसेंबर ते मार्च हा आपल्याकडचा सर्वांत श्रीमंत काळ. या दिवसांत पेरू, संत्री, बोरे, आवळे, द्राक्षे आणि स्ट्रॉबेरी एकाच वेळी मंडईत दिसतात, शिवाय गाजर, बीट, पालक, काकडी हेही चांगल्या प्रतीचे आणि बेताच्या दरात मिळते. एप्रिल-मेमध्ये आंबा, टरबूज आणि खरबूज येतात. पावसाळ्यात मात्र फळांची निवड आखडते. तेव्हा केळी, पपई, चिकू आणि डाळिंब यांच्यावर भिस्त ठेवावी लागते. पावसाळा सरता सरता सीताफळे येतात.

फळ निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केळे, आंबा, पपई आणि चिकू ही फळे झाडावरून उतरवल्यानंतरही पिकतात आणि गोड होतात. द्राक्षे आणि स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर गोड होत नाहीत, घरी ठेवल्यास फक्त मऊ पडतात. म्हणून स्ट्रॉबेरी घेताना ती देठाजवळच्या हिरव्या पानांपर्यंत लाल आहे का, हे पाहावे. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सातारा-कराडमार्गे सांगलीत येईपर्यंत पेटीच्या तळाची फळे दबलेली असतात, त्यामुळे पेटी उलटी करून खालून पाहायला संकोच करू नये. द्राक्षाच्या घडातील एक मणी चाखून पाहिला, तर विक्रेता हरकत घेत नाही. फक्त तो आधी पुसून घ्यावा. केळी आणि आंबे कॅल्शियम कार्बाइडने पिकवण्यास आपल्या देशात बंदी आहे. साल सगळीकडे एकसारखी पिवळीधमक आणि आतून गर मात्र कच्चा व फिका, असे फळ दिसले, तर मुलासाठी ते घेऊ नये. केळी अर्धकच्ची आणून घरीच पिकू द्यावीत, हे सर्वांत सोपे.

धुणे आणि पूर्वतयारी

द्राक्षांवरील पांढरट, पिठासारखी लव हे औषधच असते असा सर्रास समज आहे. ती बहुतांशी मण्याचे स्वतःचे मेणासारखे नैसर्गिक आवरण असते. तरीही धुण्यात कुचराई करू नये, कारण छाटणीपासून काढणीपर्यंत बागेत अनेक फवारण्या होतात, हे या भागात कोणाला सांगायला नको. घडाचे मणी कात्रीने सुटे करावेत, चाळणीत घ्यावेत आणि नळाच्या वाहत्या पाण्याखाली हाताने चोळत दोन-तीन मिनिटे धुवावेत. यामुळे वरवरचे अंश आणि धूळ निघून जाते. फळात मुरलेले औषध मात्र कोणत्याही धुण्याने निघत नाही, म्हणून ओळखीच्या बागायतदाराकडून माल मिळत असेल, तर तो दोन रुपये महाग पडला तरी घ्यावा. स्ट्रॉबेरी देठासकट धुवावी आणि देठ नंतर काढावे. आधी देठ काढले, तर मातीचे पाणी आत शिरते.

पालेभाजी आणि कंदमुळे मुलांसाठी कच्ची वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सांडपाण्यावर किंवा मैलायुक्त मातीत वाढलेल्या पाल्यावर आणि गाजर-मुळ्यांवर जंतांची अंडी असू शकतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. पालक तीन-चार पाण्यांतून धुऊन उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटे ठेवावा आणि लगेच गार पाण्यात घालावा. रंगही हिरवागार राहतो आणि उग्र वासही कमी होतो. गाजर, बीट आणि लाल भोपळा कुकरमध्ये वरणभाताबरोबरच वेगळ्या भांड्यात शिजवून घ्यावा. शिजवल्याने गाजरातील बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते ते द्रव्य) शरीराला अधिक सहज मिळते, आणि रोजच्या मिक्सरमध्ये कच्च्या गाजराचे कण तसेच राहून मुलांच्या घशाशी येतात, तेही टळते.

काकडी आणि दुधी यांच्याबाबत एक नियम कधीही मोडू नये : आधी लहान फोड जिभेवर ठेवून पाहावी आणि ती किंचितही कडू लागली, तर अख्खे फळ टाकून द्यावे. कडू दुधीतील कुकरबिटॅसिन या द्रव्यांमुळे रस प्यायल्यावर गंभीर विषबाधा झाल्याच्या, क्वचित मृत्यूच्याही, घटना आपल्या देशात घडल्या आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस पिऊ नये असाच सल्ला दिला होता. साखर किंवा मीठ घालून तो कडवटपणा झाकणे हा तर सर्वांत घातक मार्ग. लहान मुलांसाठी कच्च्या दुधीचा वापर मी सुचवत नाही.

बिया काढण्यात आळस नको. सीताफळाच्या बिया अख्ख्या गिळल्या गेल्या तर सहसा तशाच बाहेर पडतात, पण त्या वाटल्या गेल्या की त्यांतले विषारी द्रव्य मोकळे होते. म्हणून सीताफळाचा गर हाताने किंवा चाळणीवर घासून काढावा आणि बिया मोजून बाजूला ठेवाव्यात, मिक्सरवर विसंबू नये. डाळिंबाचे दाणे जोरात फिरवले की बिया भरडल्या जातात आणि पेय तुरट-कडसर होते. ते दाणे दोन-तीन वेळा क्षणभर फिरवून गाळून घ्यावेत. पेरूचेही तसेच.

प्रमाण

दोन मुलांसाठी पुढील प्रमाण बसते : एक वाटी पिकलेल्या फळाच्या फोडी, पाव ते अर्धी वाटी शिजवलेली भाजी, अर्धी ते पाऊण वाटी पातळ घटक आणि एक चमचा स्निग्ध किंवा प्रथिनयुक्त घटक. पातळ घटक म्हणजे दही, ताक, दूध किंवा साधे पाणी. स्निग्ध घटक म्हणजे दाण्याचे बारीक कूट, भिजवून सोललेले बदाम, भाजलेले तीळ किंवा घरच्या दुधावरची साय. हा शेवटचा चमचा अनेकजण गाळतात, पण गाजर, पपई, आंबा आणि भोपळा यांतील कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यासाठी थोडी चरबी लागते, आणि तिच्यामुळे पोटही अधिक वेळ भरलेले राहते. शेंगदाणा, तीळ, बदाम यांतील जे काही मुलाने पूर्वी खाल्लेले नसेल, ते पहिल्यांदा अगदी थोडे आणि एकेकटे द्यावे, म्हणजे अंगावर पित्त उठले किंवा ओठ सुजले, तर कशामुळे ते कळते.

फळांत दूध घालावे की नाही, यावरून घरोघरी आजी आणि सून यांच्यात मतभेद होतात. आयुर्वेदात दूध आणि फळ एकत्र घेणे हा विरुद्धाहार मानला आहे. आधुनिक आहारशास्त्र तसे मानत नाही. परंतु स्वयंपाकघराच्या अनुभवापुरते बोलायचे, तर संत्रे, स्ट्रॉबेरी, द्राक्षे अशी आंबट फळे दुधात घातली की दूध फाटते, आणि कच्चे अननस, किवी किंवा पपई दुधात वाटून ठेवली की त्यांतील पाचक द्रव्यांमुळे ते थोड्याच वेळात कडू होते. माझा सरळ तोडगा असा : आंबट फळांना गोडसर ताजे दही, पपईला पाणी आणि लिंबू, आणि दूध फक्त आंबा, चिकू किंवा केळे यांच्यासाठी. आजींना तेही पसंत नसेल, तर या तिघांनाही दही चालते आणि चवीत काही उणे होत नाही.

मिक्सर कसा चालवावा

यासाठी वेगळे यंत्र विकत घेण्याची गरज नाही. घरातील मिक्सरचे उंच, ज्यूसचे भांडे घ्यावे. चटणीच्या लहान भांड्याला लसूण-मिरचीचा वास लागलेला असतो आणि तो काही केल्या जात नाही. प्रथम पातळ घटक ओतावा, त्यावर मऊ फळे, मग शिजवलेली आणि पूर्ण गार झालेली भाजी आणि सर्वांत शेवटी बर्फ किंवा गोठवलेली फळे घालावीत. क्रम उलटा झाला की पाते कोरडे फिरते, मिक्सर घुरघुरतो आणि वरचे वरच राहते. भांडे दोनतृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. गरम भाजी बंद भांड्यात कधीही फिरवू नये, कारण वाफेच्या दाबाने झाकण उडून चटका बसू शकतो.

आधी दोन-तीन झटके देऊन तुकडे मोडू द्यावेत, मग मध्यम वेगावर अर्धा मिनिट फिरवावे, थांबून चमच्याने कडा खाली कराव्यात आणि पुन्हा अर्धा मिनिट फिरवावे. यापेक्षा जास्त वेळ फिरवल्याने फेस होतो, पेय कोमट होते आणि सफरचंद, केळे यांसारखी फळे हवेशी अधिक मिसळून लवकर काळवंडतात. पाव लिंबाचा रस त्याला बराच आळा घालतो. चमच्यावरून सावकाश ओघळेल इतका दाटपणा असावा. घट्ट झाली, तर दोन चमचे पाणी घालावे. पातळ झाली, तर अर्धे केळे.

वीज गेली म्हणून बेत मोडण्याचे कारण नाही. पिकलेली पपई, केळे, आंबा आणि शिजवलेला भोपळा पुरणयंत्रातून काढून दह्यात रवीने घुसळला, तर फेस न येता उत्तम स्मूदी होते. गावाकडच्या भारनियमनात हीच रीत भरवशाची.

पहिल्या महिन्यासाठी काही जोड्या

सुरुवात स्ट्रॉबेरी आणि बिटापासून करावी, कारण रंगाचे आकर्षण असते आणि दोन्ही लाल असल्याने भाजीवरून वाद होत नाही. सहा-सात स्ट्रॉबेरी, अर्धे पिकलेले केळे, दोन चमचे शिजवलेले बीट आणि अर्धी वाटी ताजे दही एवढे पुरे. बिटाला मातीचा वास येतो. तो दोन चमच्यांच्या पुढे गेले की जाणवतो. दुसऱ्या दिवशी मुलाची लघवी किंवा शौच लालसर दिसले, तर घाबरून दवाखाना गाठण्यापूर्वी काल बीट दिले होते का, हे आठवावे. काही मुलांमध्ये बिटाचा रंग तसाच उतरतो.

दुसरी जोडी पेरू, पालक आणि संत्रे यांची, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणून ‘पालक द्या, रक्त वाढेल’ हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. पालकात लोह आहे, पण त्यातील ऑक्झॅलेटसारख्या द्रव्यांमुळे ते शरीराला फार थोडे मिळते, आणि दुधातील कॅल्शियम त्यात आणखी अडथळा आणते. याउलट क जीवनसत्त्व हे वनस्पतीजन्य लोहाचे शोषण वाढवते. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ३५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते आणि शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशे मिलिग्रॅमहून अधिक असते. म्हणून पालकाची स्मूदी दुधात कधीही करू नये. एका मध्यम पेरूच्या फोडी अर्धी वाटी पाण्यात क्षणभर फिरवून गाळून घ्याव्यात, बिया टाकून द्याव्यात, त्या गरात वाफवलेल्या पालकाची आठ-दहा पाने, सोललेल्या आणि बिया काढलेल्या अर्ध्या संत्र्याच्या फोडी व चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून पुन्हा वाटावे. हिवाळ्यात संत्र्याऐवजी एक लहान चमचा किसलेला आवळा चालतो. जास्त घातल्यास मूल पेला परत करते. आणि ज्या मुलाला खरोखर रक्तक्षय आहे, त्याला डॉक्टरांनी दिलेले लोहाचे औषधच लागते. ही स्मूदी त्याची जागा घेऊ शकत नाही.

द्राक्षांच्या हंगामात द्राक्ष आणि काकडी एकत्र करावीत. तास-ए-गणेश किंवा सोनाका यांसारख्या बिनबियांच्या जातींची पक्व द्राक्षे अतिशय गोड असतात, वजनाच्या साधारण १६ ते २० टक्के साखरच असते, म्हणून इथे फळाचे प्रमाण अर्ध्या वाटीवर आणावे आणि चाखून पाहिलेली काकडी एक वाटी घ्यावी. त्यात पालकासारखीच उकळत्या पाण्यातून काढलेली पुदिन्याची चार पाने, पाव वाटी दही आणि चिमूटभर मीठ घालावे. काळी द्राक्षे घेतली, तर सालीमुळे रंग सुरेख येतो. स्मूदी करताना मुले भोवती असतात आणि हातात अख्खी द्राक्षे देण्याचा मोह होतो. पाच वर्षांखालील मुलाला द्राक्ष नेहमी उभे चिरूनच द्यावे, कारण अख्खा मणी श्वासनलिकेत अडकू शकतो. गोठवलेल्या द्राक्षांबाबत तर हे अधिकच खरे आहे.

उन्हाळ्यात अर्धी वाटी आंब्याच्या फोडी आणि अर्धी वाटी शिजवलेला लाल भोपळा दुधात वाटावा. रंग इतका जुळतो की बहुतेकांना भोपळा ओळखू येत नाही, आणि आंब्याचा खर्चही निम्म्यावर येतो. पपई आणि शिजवलेले गाजर पाण्यात वाटून वर लिंबू पिळावे आणि एक चमचा दाण्याचे कूट घालावे.

पावसाळ्यासाठी केळे आणि नाचणी. नाचणीचे एक चमचा सत्त्व अर्धी वाटी पाण्यात शिजवून पूर्ण गार करावे आणि एक केळे, पाव वाटी दूध व वेलदोड्याची पूड यांच्याबरोबर फिरवावे. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, त्यामुळे एक चमचाही अगदी निरुपयोगी नाही. या दिवसांत पाणी उकळून गार केलेलेच वापरावे आणि बर्फही त्याच पाण्याचा घरी जमवावा. ‘पावसाळ्यात केळे दिले की सर्दी होते’ हे वाक्य ऐकावे लागेलच. सर्दी विषाणूंमुळे होते, केळ्यामुळे नाही, तरी पेय फ्रिजमधून काढलेले थंडगार न देता साध्या तापमानाचे दिले की वादाला कारण राहत नाही.

गोडवा

साखर घालू नये. गूळ किंवा मध घातला तर चालेल ना, असा प्रश्न लगेच येतो, विशेषतः आपल्यासारख्या गुळाच्या मुलखात. गुळात थोडी खनिजे असली, तरी दात आणि वजन यांच्या दृष्टीने गूळ, मध आणि साखर यांच्यात फारसा फरक नाही. पिकलेले केळे किंवा चिकू घातल्यावर वरून गोडाची गरज पडत नाही. अगदीच हवे असेल, तर सांगली-तासगावच्या बाजारातील बेदाणे पाच-सहा घ्यावेत. बेदाणा तयार करताना द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून वाळवली जातात आणि पिवळा रंग टिकावा म्हणून पुष्कळदा गंधकाची धुरीही देतात. म्हणून ते कोमट पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, पुन्हा धुऊन वापरावेत. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना गंधकाच्या धुरीचा बेदाणा बाधू शकतो. त्यांच्यासाठी काळा, बिनधुरीचा बेदाणा विचारून घ्यावा.

भाजी सांगून द्यावी की लपवून

भाजी सांगूनच द्यावी, असे मला वाटते. लपवलेली भाजी त्या दिवसापुरती पोटात जाते, पण मुलाला ती आवडू लागत नाही, आणि एखाद्या दिवशी पेल्यात पालकाचा तुकडा सापडला की पुढचे अनेक पेले संशयाने पाहिले जातात. पहिल्या आठवड्यात भाजी एकच चमचा ठेवावी, मग दर आठवड्याला चमच्याचमच्याने वाढवावी, आणि पालकाची पाने मोजून भांड्यात टाकण्याचे काम मुलाकडेच द्यावे. नवी चव स्वीकारायला मुलाला आठ-दहा वेळा किंवा त्याहून अधिक वेळा ती चाखावी लागते, तेव्हा दोन नकारांवर निकाल लावू नये. जी भाजी स्मूदीत घातली, तीच त्या आठवड्यात कोशिंबिरीत किंवा परतून ताटातही वाढावी, म्हणजे तिचे मूळ रूप आणि चावून खाण्याची सवय दोन्ही राहतात.

वेळ आणि साठवण

शाळेतून आल्यावर चार-पाचच्या सुमाराची वेळ सर्वांत सोयीची. जेवणाच्या आधी तासभरात दिली, तर पोळी-भाजी मागे राहते. झोपताना दिली, तर साखर रात्रभर दातांवर राहते. पिऊन झाल्यावर साध्या पाण्याची चूळ भरायला लावावी. बाटलीने किंवा चोखत बसण्याच्या झाकणाच्या पेल्याने देऊ नये. आठवड्यातून तीन दिवस पुरेसे आहेत, बाकीच्या दिवशी तेच फळ चिरून द्यावे. जुलाब चालू असताना स्मूदी पूर्ण बंद ठेवावी आणि ओआरएस द्यावे. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असलेल्या मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातील काहीही सुरू करू नये.

स्मूदी करून लगेच प्यायला द्यावी. शाळेच्या डब्याबरोबर ती पाठवू नये. मार्च-एप्रिलच्या उन्हात दप्तरात तीन-चार तास राहिलेले दही-फळांचे मिश्रण आंबते. ऐनवेळची घाई टाळायची असेल, तर पेय साठवण्याऐवजी त्याची तयारी साठवावी : पिकलेल्या केळ्याच्या चकत्या, स्ट्रॉबेरी आणि शिजवलेल्या बिटाच्या फोडी एका वेळेपुरत्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवल्या, तर वाटायला दोन मिनिटे लागतात आणि बर्फही लागत नाही. मुलाच्या उष्ट्या पेल्यात उरलेली स्मूदी ठेवू नये. भांड्यात उरलेली मात्र झाकून फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवावी. गाजर, पालक किंवा भोपळ्याची असेल, तर कणकेत घालून संध्याकाळच्या दशम्या कराव्यात, आणि आंब्याची किंवा स्ट्रॉबेरीची असेल, तर कुल्फीच्या साच्यात ओतावी. भांडे लगेच पाणी घालून एकदा फिरवून धुवावे आणि झाकणाचे रबर काढून वेगळे घासावे, कारण त्याच्या खाचेत अडकलेला गर दुसऱ्या दिवशी वास मारतो.